आगमनकाळात वाट पाहताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोव्हेंबर सरत आला की हे प्रश्न यायला लागतात. काही पहिल्यांदाच चर्चमध्ये पाऊल ठेवणाऱ्यांचे असतात, काही आयुष्यभर दर डिसेंबरला मेणबत्त्या लावत आलेल्यांचे. तारखांचे आणि रंगांचे प्रश्न लोक चारचौघांत विचारतात. ८ ते १२ मधले प्रश्न मात्र सगळे निघून गेल्यावर, दाराशी थांबून विचारले जातात. प्रत्येक उत्तर सुटं वाचता येईल. जिथे दुसऱ्या उत्तराशी धागा जुळतो तिथे क्रमांक दिला आहे.

१. आगमनकाळ म्हणजे नाताळची तयारीच ना?

अर्धं बरोबर. मूळ लॅटिन शब्द 'आद्वेंतुस', म्हणजे येणं, आगमन. नाताळच्या आधीच्या चार रविवारांचा हा काळ. पाश्चात्य परंपरेतल्या चर्चचं उपासनेचं वर्ष १ जानेवारीला नाही, इथून सुरू होतं. वर्षाचा आरंभ सणाने न करता वाट पाहण्याने करायचा, ही या पंचांगातली मला सगळ्यात शहाणपणाची वाटणारी गोष्ट आहे.

उरलेलं अर्धं असं: तयारी दोन आगमनांची असते. एक बेथलेहेमातलं, होऊन गेलेलं. दुसरं ख्रिस्ताचं पुनरागमन, अजून व्हायचं असलेलं. रोमन कॅथलिक उपासनेत १६ डिसेंबरपर्यंत भर पुनरागमनावर असतो आणि १७ तारखेपासून तो जन्मकथेकडे वळतो.

२. दरवर्षी तारीख का बदलते? यंदा कधी, हे कसं काढायचं?

३० नोव्हेंबर हा प्रेषित अंद्रियाचा दिवस. त्याच्या सगळ्यात जवळचा रविवार म्हणजे आगमनकाळाचा पहिला रविवार. तो २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर या आठवड्यातच पडतो. २०२६ मध्ये २९ नोव्हेंबर, २०२७ मध्ये २८ नोव्हेंबर. रविवार चारच असले तरी दिवस २२ ते २८ असे कमीजास्त होतात. २०२८ मध्ये नाताळ सोमवारी आहे, त्यामुळे चौथा रविवार २४ डिसेंबरलाच येईल: सकाळी चौथी मेणबत्ती आणि रात्री ख्रिस्तजन्माची उपासना.

इटलीतल्या मिलानच्या अम्ब्रोशियन परंपरेत हा काळ सहा आठवड्यांचा असतो. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती १५ नोव्हेंबरपासून ४० दिवसांचा उपवास पाळतात. जुनं कॅलेंडर वापरणाऱ्यांचा तोच दिवस आपल्या कॅलेंडरवर २८ नोव्हेंबर असतो.

३. येशू तर दोन हजार वर्षांपूर्वीच जन्मला. मग आता वाट कुणाची पाहायची? दरवर्षी माहीत नसल्याचं नाटक करायचं का?

नाटक अजिबात नाही. गोठ्यात बाळ येणार आहे की नाही, असा संशय कुणाला नसतो. बाराव्या शतकातल्या क्लेअरव्होच्या संत बर्नार्ड यांनी आगमनाच्या एका प्रवचनात तीन आगमनं सांगितली: पहिलं देहातलं, शेवटचं गौरवातलं आणि या दोहोंच्या मधलं, माणसाच्या अंतःकरणात आज होणारं. आपण राहतो ते या मधल्या टप्प्यात.

पहिल्या शतकातल्या ख्रिस्ती लोकांची एक अरामी प्रार्थना पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या शेवटी जशीच्या तशी ठेवली आहे: मारानाथा. 'मारान आथा' असं तोडलं तर अर्थ होतो, आमचा प्रभू आला आहे. 'माराना था' असं तोडलं तर, आमच्या प्रभू, ये. जुन्या हस्तलिखितांत शब्दांमध्ये मोकळी जागा सोडत नसत, त्यामुळे दोन्ही वाचनं शक्य आहेत. 'आला आहे' आणि 'ये' एकाच श्वासात म्हणता येणं, एवढाच या प्रश्नाचा उलगडा.

आणि मराठीत तर आपण 'वाट' पाहतो, म्हणजे शब्दशः रस्ता पाहतो. येणारा अजून दिसत नसतो, पण तोंड कुठे करून उभं राहायचं ते ठरलेलं असतं. (वाट पाहता पाहता वाट लागते, हेही मराठीतच म्हणता येतं. त्यासाठी प्रश्न ८ पाहा.)

४. आशा म्हणजे 'सगळं चांगलं होईल' असं मानणं का?

नाही. बायबलमध्येच या दोहोंचा जाहीर सामना झालेला आहे. यिर्मयाच्या पुस्तकाचा २८ वा अध्याय काढा. बाबेलच्या राजाने यरुशलेमेतले लोक बंदी करून नेले आहेत. हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात सगळ्यांदेखत सांगतो, दोन वर्षांत सगळं परत येईल. ऐकायला किती बरं वाटलं असेल! यिर्मया उत्तर देतो, आमेन, तसंच होवो. पण तसं होणार नाही. पुढच्याच अध्यायात तो बंदिवानांना पत्र लिहितो: घरं बांधा, मळे लावा, मुलाबाळांची लग्नं करा, ज्या शहरात आहात त्याचं हित पाहा. ७० वर्षं लागतील.

याच पत्रातलं ११ वं वचन, 'तुम्हाला आशा आणि भविष्य देण्याचे माझे संकल्प आहेत' अशा अर्थाचं, भिंतीवरच्या तसबिरींवर आणि शुभेच्छापत्रांवर सगळीकडे दिसतं. १० वं, सत्तर वर्षांचं, कुणी छापत नाही. पत्र ऐकणाऱ्यांपैकी बहुतेक प्रौढ माणसं परतीचा दिवस पाहणार नव्हती, आणि तरी त्यांना मळे लावायला सांगितलं होतं. हनन्याकडे होता तो आशावाद, त्याला मुदत होती. यिर्मयाकडे होती ती आशा, आणि तिच्यात कामं होती.

हिब्रूतही एक गंमत आहे. आशेसाठीचा 'तिक्वा' हा शब्द यहोशवाच्या दुसऱ्या अध्यायात राहाबेने खिडकीला बांधलेल्या किरमिजी दोरीसाठी वापरला आहे. दोरी हाताला लागते, ताणली जाते, तिला भार पेलावा लागतो. मनाला वाटणाऱ्या उभारीपेक्षा मला हे चित्र जास्त उपयोगी पडतं.

५. पहिल्याच रविवारी सूर्य-चंद्र काळवंडण्याची, जगाच्या शेवटाची वाचनं का? लोक सणाच्या मूडमध्ये आलेले असतात.

वाचनांचं चक्र तीन वर्षांचं आहे आणि पहिल्या रविवारी मत्तय २४, मार्क १३ किंवा लूक २१ यांतला भाग येतो. तिन्ही अध्यायांत मंदिर पडण्याचं भाकीत आहे, आणि रोमी सैन्याने ते इ. स. ७० मध्ये खरोखर जमीनदोस्त केलं. ज्यांचं जग आधीच कोसळलं होतं त्यांच्यात ही वचनं वाचली गेली. त्यांना ती धमकी वाटली नसणार. लूक २१:२८ चा रोख पाहा: हे सगळं घडायला लागलं की सरळ उभे राहा आणि डोकी वर करा. आपलं बरं चाललेलं असताना हा अध्याय भीतीदायक वाटतो. ज्याचं काहीच बरं चाललेलं नाही, त्याला त्यात कुणीतरी खरं बोलल्यासारखं वाटतं.

६. पहिली मेणबत्ती आशेचीच का? आणि तिसरी गुलाबी का?

आशा, शांती, आनंद, प्रीती ही नावं लोकप्रिय आहेत, पण प्राचीन नाहीत आणि बंधनकारकही नाहीत. काही मंडळ्यांत त्याच मेणबत्त्या संदेष्टे, बेथलेहेम, मेंढपाळ आणि देवदूत यांच्या नावाने लावतात. क्रमही बदलतो. त्यामुळे 'आमच्याकडे दुसरी शांतीची, तुमच्याकडे प्रीतीची, चूक कोण?' या वादात कुणीच चूक नाही.

खुद्द मेणबत्त्यांचं चक्र एकोणिसाव्या शतकातलं. हॅम्बुर्गमधले लुथरन पाळक योहान हिनरिख विखर्न गरीब मुलांसाठी आश्रम चालवत. 'नाताळ कधी?' हा मुलांचा धोशा संपेना, म्हणून १८३९ मध्ये त्यांनी एका लाकडी चाकावर मेणबत्त्या बसवल्या: रविवारच्या चार मोठ्या पांढऱ्या, इतर दिवसांच्या लहान लाल. रोज एक जास्त लावायची. म्हणजे आज गंभीरपणे पेटवलं जाणारं हे चक्र मुळात मुलांच्या भुणभुणीवरचा उपाय आहे!

गुलाबी रंग तिसऱ्या रविवारचा. त्याला 'गाउदेते' म्हणतात, 'आनंद करा', फिलिप्पैकरांस पत्र ४:४ वरून. जांभळ्या रंगाच्या गंभीर काळात त्या दिवशी थोडी सूट. काही लुथरन आणि अँग्लिकन चर्चमध्ये जांभळ्याऐवजी निळा वापरतात.

७. घरी काय करावं? रोज अर्धा तास देणं जमत नाही.

मग देऊ नका. दिवसाकाठी एक स्तोत्र आणि एक मिनिट शांतता पुरे. स्तोत्र १३० पासून सुरुवात करा, ते आठच वचनांचं आहे. मधूनच, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात जागे झालात तरी चालेल. मागचे दिवस भरून काढण्याचा हिशोब मांडू नका.

८. खरं सांगायचं तर मला काहीच आशा वाटत नाही. मग मेणबत्ती लावणं ढोंग नाही का?

हा प्रश्न दरवर्षी सगळ्यात जास्त वेळा येतो. आधी स्पष्ट उत्तर: ढोंग नाही. आगमनकाळ तुमच्याकडे भावना मागत नाही. स्तोत्र १३० मधला पहारेकरी घ्या. रात्री तिसऱ्या प्रहराला त्याला उत्साह वाटत असेल असं कुणी म्हणणार नाही. तो पेंगुळलेला असतो, गारठलेला असतो. पहाट त्याच्या मनःस्थितीवर अवलंबून नसते. त्याचं काम पूर्वेकडे तोंड करून जागेवर असणं.

जर्मनीत नाझी राजवटीच्या काळात बर्लिनच्या टेगेल तुरुंगात दोन माणसांनी आगमनकाळ काढला. लुथरन पाळक डीट्रिख बोनहोफर यांनी नोव्हेंबर १९४३ मध्ये मित्राला लिहिलेल्या पत्रात कोठडीची तुलना आगमनकाळाशी केली: माणूस वाट पाहतो, किरकोळ काहीबाही करत राहतो आणि दार उघडणार ते बाहेरूनच. पुढच्या वर्षी त्याच तुरुंगात जेझुइट धर्मगुरू आल्फ्रेड डेल्प हातांत बेड्या असताना आगमनकाळावर चिंतन लिहीत होते. ८ डिसेंबर १९४४ रोजी त्यांनी आपल्या संघाचं अंतिम व्रत तिथेच घेतलं. दोघांनाही १९४५ मध्ये फाशी झाली. त्यांच्यापैकी कुणी 'मला छान वाटतंय' म्हणून आशा धरली नव्हती.

प्रार्थना करवत नसेल तर स्तोत्र ८८ वाचा. ते अंधार या शब्दावर संपतं, शेवटी दिलासा जोडलेला नाही, आणि तरी ते बायबलमध्ये आहे.

एक गोष्ट वेगळी सांगते. झोप, भूक, कामातलं लक्ष सगळंच आठवडेच्या आठवडे गेलं असेल, तर हा विश्वासाचा कमकुवतपणा समजू नका. डॉक्टरांकडे जा. जगूच नये असं मनात येत असेल तर आजच, हे वाचून झाल्यावर, एका माणसाला तसं सांगा. प्रार्थना त्याच्यानंतरही करता येते.

९. या वर्षी घरातलं माणूस गेलं. सजावट, गाणी, काहीच नको वाटतं. टाळलं तर चालेल का?

चालेल. सजावट टाळा, नकोशी आमंत्रणं टाळा, 'यंदा जमणार नाही' एवढंच कळवा, कारण देत बसू नका. खरं तर नाताळपेक्षा आगमनकाळच दुःखात असलेल्यांच्या जवळचा आहे. त्याचे रंग गडद आहेत, त्याच्या वाचनांत रडणं आहे.

अनेक चर्चमध्ये २१ डिसेंबरच्या आसपास, उत्तर गोलार्धातल्या सगळ्यात मोठ्या रात्री, शोकात असलेल्यांसाठी वेगळी उपासना होते. दिवे मंद, गाणी थोडी, हसून शुभेच्छा देण्याची सक्ती नाही. २१ डिसेंबर हा जुन्या पंचांगात प्रेषित थोमाचा दिवस होता. पुढे रोमन कॅथलिकांनी तो ३ जुलैला नेला. जखमा पाहिल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही म्हणणाऱ्या माणसाचा दिवस वर्षाच्या सगळ्यात काळोख्या तारखेला असणं मला योग्य वाटायचं. हलवायला नको होता.

१०. मूल व्हावं म्हणून आम्ही वर्षानुवर्षं प्रार्थना करतोय. दर डिसेंबरला लोक आम्हाला म्हातारपणी मूल झालेल्या जखऱ्या आणि अलीशिबेची गोष्ट सांगतात. काय उत्तर द्यावं?

उत्तर देणं तुमच्यावर बंधनकारक नाही. सांगणाऱ्यांनाच दोन शब्द सांगते: ही गोष्ट कुणाच्या हाती हमीपत्रासारखी देऊ नका. लूकच्या पहिल्या अध्यायात देवदूत म्हणतो, तुझी प्रार्थना ऐकली आहे, आणि जखऱ्याचा त्यावर विश्वासच बसत नाही. बहुधा ती प्रार्थना त्याने कधीच सोडून दिली होती. मुलाचं नाव ठेवेपर्यंत त्याची वाचा जाते. गावात, नात्यात आनंद होतो, तिथपर्यंत आपण वाचतो आणि पुस्तक मिटतो. पण ते मूल म्हणजे बाप्तिस्मा करणारा योहान. हेरोदाने त्याचा शिरच्छेद केला. अलीशिबेच्या कथेचा शेवट पाळण्यापाशी नाही.

आणि ज्यांना हवं ते मिळालंच नाही, त्यांच्यासाठी इब्री लोकांस पत्राचा ११ वा अध्याय आहे. तिथे विश्वासाच्या थोर माणसांची यादी देऊन लेखक सांगतो की हे सगळे वचनफळ न मिळताच मेले. त्यांनी ते दुरून पाहिलं आणि त्याला वंदन केलं. तुम्हाला मूल होईल की नाही, हे मला सांगता येत नाही, आणि आगमनकाळही ते सांगत नाही. न मिळालेल्यांची नावं देवाच्या माणसांच्या यादीतून गाळलेली नाहीत, इतकं मात्र त्या अध्यायात लिहिलेलं आहे.

११. वाट पाहायची म्हणजे हातावर हात ठेवून बसायचं का? अन्याय होत असला तरी?

याकोबाच्या पत्रात (५:७) वाट पाहण्यासाठी शेतकऱ्याचं उदाहरण आहे, पहिल्या आणि शेवटच्या पावसासाठी धीर धरणाऱ्याचं. शेतकरी पाऊस पाडू शकत नाही, पण नांगरून, पेरून ठेवल्याशिवाय आभाळाकडे बघतही बसत नाही.

यशयाच्या ४० व्या अध्यायात तर वाट पाहायला नाही, वाट तयार करायला सांगितलं आहे: दरी भरा, डोंगर सखल करा. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला लोकांनी विचारलं, म्हणजे नेमकं काय करू? त्याची उत्तरं लूक ३ मध्ये आहेत आणि ती अगदी रोखठोक आहेत. दोन अंगरखे असतील तर एक द्या. जकातदारांनी ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नये. शिपायांनी कुणाला धमकावून पैसे उकळू नयेत.

एक कसोटी मी वापरते. 'थांब, धीर धर' हे कोण कोणाला सांगतंय ते पाहा. घरात मार खाणाऱ्या बाईला, पगार थकलेल्या कामगाराला दुसऱ्या कुणी धीर धरायला सांगत असेल, तर तो आगमनकाळाचा संदेश नव्हे. त्याने फायदा सांगणाऱ्याचा होतो.

१२. वाट पाहून पाहून आता मूळ गोष्टीबद्दलच शंका यायला लागली आहे.

तुमच्या आधी ती योहानाला आली. ज्याने बोट दाखवून 'हाच तो' म्हटलं, त्यानेच तुरुंगातून आपल्या शिष्यांकरवी येशूला निरोप पाठवला: येणारा तो आपणच, की आम्ही दुसऱ्याची वाट पाहावी? (मत्तय ११). येशू रागावत नाही. तो 'हो' असंही म्हणत नाही. म्हणतो, जे ऐकता आणि पाहता ते जाऊन सांगा: आंधळे पाहतात, पांगळे चालतात. आणि शिष्य निघून गेल्यावर लोकांपुढे योहानाची स्तुती करतो. तुरुंगाचं दार मात्र उघडलं नाही. हे वाचन तीन वर्षांतून एकदा नेमकं 'आनंद करा' म्हणणाऱ्या तिसऱ्या रविवारी येतं (प्रश्न ६). ज्याने ते तिथे बसवलं त्याला माणसं कळत होती.

१३. आगमनकाळात नाताळची गाणी म्हणणं चूक आहे का?

पाप नाही. पण जरा थांबलात तर १७ ते २३ डिसेंबरच्या सायंप्रार्थनेतली सात प्राचीन आवाहनं ऐकू येतील. प्रत्येकाची सुरुवात 'हे' अशी आणि प्रत्येकात ख्रिस्ताला एक नाव: ज्ञान, प्रभू, इशायाचं मूळ, दाविदाची किल्ली, उगवता सूर्य, राष्ट्रांचा राजा, इम्मानुएल. लॅटिन नावांची आद्याक्षरं शेवटाकडून वाचली की 'एरो क्रास' तयार होतं, म्हणजे 'उद्या मी असेन'. रोमन कॅथलिक मिस्सात आगमनकाळाच्या रविवारी ग्लोरिया हे स्तुतिगीत गात नाहीत, आलेलुया मात्र गातात. ईस्टरआधीच्या प्रायश्चित्तकाळात तोही बंद असतो. फरक ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

१४. बायबलमध्ये आगमनकाळ पाळा असं कुठे आहे?

कुठेच नाही. इ. स. ३८० मधल्या सारागोसाच्या धर्मसभेने १७ डिसेंबरपासून ६ जानेवारीपर्यंत उपासना चुकवू नका असं सांगितलं, तिथपासून याचे माग दिसतात. तुमची मंडळी पाळत नसेल तर भांडू नका. रोमकरांस पत्र १४:५ (कुणी एखादा दिवस विशेष मानतो, कुणी सगळे दिवस सारखे) दोन्ही बाजूंना पुरतं.

१५. आमच्याकडे डिसेंबरात कडक उन्हाळा असतो. अंधार-प्रकाशाची ही भाषा आम्हाला लागू होते का?

दक्षिण गोलार्धातल्यांचा हा रास्त प्रश्न. ऋतूची उपमा उत्तरेची आहे, वचनं ऋतूवर टेकलेली नाहीत. अंधार नको असेल तर यशया ३५ घ्या: कोरडं रान फुलतं, रखरखीत वाळवंटात पाणी फुटतं.

१६. २५ डिसेंबर आला, गेला. काहीच बदललं नाही. माझं वाट पाहणं वाया गेलं का?

उपासनेच्या पंचांगात २५ तारखेला नाताळचा काळ सुरू होतो, संपत नाही. आणि वाट पाहणाऱ्यांपैकी सगळ्यात महत्त्वाची दोन माणसं तर जन्माच्या रात्री गोठ्याजवळ नव्हतीच. शिमोन आणि हन्ना ४० दिवसांनी भेटतात, मंदिरात, म्हणून त्यांचा सण २ फेब्रुवारीला असतो. आल्फ्रेड डेल्प (प्रश्न ८) यांना फाशी झाली तोही हाच दिवस.

लूकचा दुसरा अध्याय २५ व्या वचनापासून वाचा. शिमोन इस्राएलच्या सांत्वनाची वाट पाहत होता. बाहेर रोमी सत्ता होती तशीच होती, हेरोदाचं घराणं होतं तसंच होतं. त्याच्या हातात आलं ते गरिबांनी द्यायची पारव्यांची जोडी अर्पायला आलेल्या आईबापांचं तान्हं मूल. त्याने ते उचलून घेतलं आणि म्हणाला, प्रभू, आता मला शांतीने जाऊ दे. मग मरीयेकडे वळून तिला सांगितलं की तुझ्याही जिवातून तलवार जाईल. तेवढ्यात हन्ना आली आणि वाट पाहणाऱ्या बाकीच्यांना सांगत सुटली.